नाव आपलं, सातबारा दुसऱ्याचा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात भुसावळच्या एका वाचकाचं पत्र आलं होतं, की त्यांच्या दुकानाच्या नावाचं डॉट कॉम कोणीतरी आधीच घेऊन ठेवलंय, आता सोडायचे चाळीस हजार मागतोय, ही सरळसरळ खंडणी आहे, सरकारनं असली नावं काढून घेऊन खऱ्या मालकाला द्यावीत वगैरे. वाचून मला पहिल्यांदा त्यांचं पटलंच, कारण दोन-तीन वर्षांपूर्वी मी पण हेच बोलत होते, याच शब्दात, फक्त भुसावळच्या जागी अमळनेर. पण नंतर जे काय झालं त्यातून गेल्यावर आता मला तसं म्हणवत नाही, म्हणून हे पत्र. थोडं लांब होईल, छापताना कापलं तरी चालेल पण खंडणीवाला भाग कापू नका.

आमचा बिबडे, पापड, कुरडया, मसाल्याचा घरगुती धंदा आहे. बिबडे म्हणजे काय हे खान्देशात कोणाला सांगायला नको, पण तुमचा पेपर नाशिकलाही जातो म्हणून सांगते, ज्वारी भिजवायची, कांडायची, दळायची, मग मोठ्या पातेल्यात मिरची-लसूण-तीळ घालून शिजवायची आणि गच्चीवर ओल्या कापडावर हाताला पाणी लावून थापायची. चैत्र-वैशाखात आमच्या गच्चीवर नऊ बायका असतात, सकाळी सहाला सुरू, ऊन चढायच्या आत संपवायचं. धंद्याला नाव दिलंय सासूबाईंचं, म्हणजे गल्लीतले सगळे त्यांना ज्या नावाने हाक मारतात ते, अहिराणी वळणाचं. ते नाव इथं लिहीत नाही, नाहीतर तुम्ही म्हणाल बाईने पत्राच्या नावाखाली फुकट जाहिरात केली.

2019 ला प्रदर्शनात पुण्याच्या एका बाईंनी विचारलं, तुमची वेबसाइट आहे का. नव्हती. मग ओळखीतून एक वेबसाइटवाला पोरगा आला, बारा हजारात सगळं करून देतो म्हणाला, वेबसाइट, डॉट इन नाव, ईमेल, सगळं त्यातच. दिले बारा हजार. आणि खरं सांगते, ते नाव कोणाच्या नावावर घेतलं हे मी विचारलंच नाही. आमच्या घरात दीड एकर जमीन घेताना आमचे हे सातबारा काय, आठ-अ काय, फेरफार काय, तलाठ्याकडे चार चकरा मारून आले होते, आणि इथं ज्या नावावर पुढचा सगळा धंदा चालायचा त्याचा कागद बघायचं डोक्यातच आलं नाही. त्या पोराने ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या खात्यातून घेतलं होतं. फसवायला असं नाही म्हणणार मी, त्याची तीच पद्धत होती, सगळ्या गिऱ्हाइकांची नावं एकाच खात्यात. पुढे तो नोकरीला सुरतला गेला, नंबर बदलला, आणि 2022 च्या ऑगस्टमध्ये नावाची मुदत संपली. रिन्यू करा असे मेल आले असतीलच, पण ते त्याला, मला कशाला येतील.

मला कळलं ते कसं, तर त्याच पुण्याच्या बाईंचा ऑक्टोबरात फोन आला, "ताई, तुम्ही रमी कधीपासून सुरू केली?" मला वाटलं चेष्टा करताहेत. मोबाईलवर उघडून बघते तर आमच्या बिबड्यांच्या जागी पत्ते, नाणी उडताहेत आणि वेलकम बोनस. सासूबाईंच्या नावावर जुगार! त्यांना सांगितलं नाही आम्ही, सांगितलं असतं तर त्या दिवशी जेवल्या नसत्या.

आता यातली एक गोष्ट कोणीच सांगत नाही म्हणून थोडी सविस्तर सांगते. लोकांना वाटतं नाव गेलं म्हणजे वेबसाइट गेली, नवीन करू. पण नाव ज्याच्या हातात त्याच्या हातात त्या नावाचे सगळे ईमेल. आमचा ऑर्डरचा ईमेल त्या नावावर होता, तोच जीएसटीला दिलेला, तोच खाद्यपदार्थांच्या (एफएसएसएआय) लायसनवर, तोच इन्स्टाग्रामला, तोच कुरिअरवाल्याला. म्हणजे त्या रमीवाल्याने मनात आणलं असतं तर आमच्या नावाचा ईमेल चालू करून कुठेही "पासवर्ड विसरलो" दाबून आत शिरला असता. त्याने केलं नाही, त्याला फक्त येणारे-जाणारे लोक हवे होते, पण मी आठ दिवस रात्री बसून एकेका ठिकाणी ईमेल बदलत होते. जीएसटीचा बदलायला तर ओटीपी पाहिजे आणि तो ओटीपी जाणार जुन्या ईमेलवर का नव्या, या विचारानेच घाम फुटला (नव्यावरच येतो, पण तेव्हा कोणाला माहीत).

माझा भाचा जळगावला इंजिनीअरिंगला आहे, त्याला बोलावून घेतलं. तो म्हणाला, मावशी, हे नाव विकत मिळतच नाही, भाड्यानेच मिळतं, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचं भाडं भरता येतं, आणि नाही भरलं तर दुसरा घेतो. डॉट कॉमचं त्याने कागदावर काढून दाखवलं. मुदत संपली की लगेच जात नाही, कंपनी थोडे दिवस वाट बघते, काही 30 दिवस, काही 45 पर्यंत, मग आणखी 30 दिवस असे असतात की जुना मालक दंड भरून सोडवू शकतो आणि तो दंड चांगलाच जड असतो, मग 5 दिवस कोणालाच हात लावता येत नाही आणि मग ते बाजारात मोकळं. आणि मोकळं झाल्या सेकंदाला पकडायला मशिनी लावून बसलेले लोक असतात, कारण जुन्या नावाला आधीपासून गिऱ्हाइकं येत असतात. आमच्याकडे लग्नातल्या पंगतीत एक उठायच्या आत दुसरा मागे उभा असतो, तसंच.

म्हणून ठरवलं की डॉट इन गेलं तर जाऊ दे, आता डॉट कॉमच घेऊ. बघितलं तर ते आधीच कोणाचं तरी. आणि आजकालचं नाही, 2006 पासूनचं!

इथून पुढचा भाग भुसावळच्या भाऊंनी नीट वाचावा. नाव कधी घेतलं, मुदत कधी संपते, कोणत्या कंपनीतून घेतलंय, एवढं कोणालाही फुकट बघता येतं. मालकाचं नाव, फोन पूर्वी दिसायचा म्हणे, पण 2018 ला युरोपात खाजगी माहितीचा कायदा आल्यापासून बहुतेक ठिकाणी तो झाकलेला असतो, फक्त निरोप पाठवायचा एक फॉर्म असतो. आणि तारीख ही सगळ्यात महत्त्वाची, भाऊ. मी जळगावच्या एका वकिलांना भेटले. आमचा ट्रेडमार्क आहे, 2021 चा, छोट्या धंद्याला ऑनलाइन साडेचार हजार फी लागते तो, त्यामुळे मी जरा तोऱ्यातच गेले होते की नाव आमचं रजिस्टर आहे, काढून द्या. ते हसले. म्हणाले, 2004 ला सुप्रीम कोर्टाने सत्यम इन्फोवेच्या केसमध्ये सांगितलंय की इंटरनेटवरच्या नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं, ते खरं, पण तुमच्या बाबतीत दोन नावांची दोन वेगळी गणितं आहेत. डॉट कॉमची तक्रार 1999 ला केलेल्या एका जागतिक धोरणाप्रमाणे चालते, त्यात तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात, एक तर नाव तुमच्या ट्रेडमार्कसारखं आहे, दुसरं समोरच्याचा त्यावर काही रास्त हक्क नाही, आणि तिसरं म्हणजे त्याने ते वाईट हेतूने घेतलं आणि वाईट हेतूनेच वापरतोय. घेतलंही आणि वापरतोयही, दोन्ही. आता ज्याने 2006 ला घेतलं त्याला 2021 च्या ट्रेडमार्कचं स्वप्न पडलं होतं का? तुमचा धंदा तरी तेव्हा होता का? नव्हता. मग वाईट हेतू कुठून आणणार. आणि अशा तक्रारी ऐकणाऱ्या जिनिव्हाच्या संस्थेकडे एक पंच नेमून तक्रार करायची फी 1500 डॉलर, वर वकिलाची वेगळी, जिंकलात तरी फक्त नाव मिळणार, नुकसानभरपाई नाही. डॉट इनचं मात्र उलटं, तिथे तुमचा ट्रेडमार्क आधीचा आणि रमीवाल्याने नाव घेतलं नंतर, तिथे तुमची बाजू भक्कम, त्याची तक्रार निक्सीकडे, म्हणजे डॉट इन नावांचा कारभार बघणाऱ्या संस्थेकडे करायची आणि लवाद निकाल देतो.

म्हणजे एकच नाव, एका ठिकाणी मी बरोबर आणि एका ठिकाणी मीच चूक! हे पचायला मला दोन दिवस लागले.

वकिलांनीच निसान गाडीची गोष्ट सांगितली. अमेरिकेत एका माणसाचं आडनावच निसान, त्याने 1994 ला आपल्या कॉम्प्युटरच्या धंद्यासाठी निसान डॉट कॉम घेतलं. 1999 ला गाड्यांच्या कंपनीने त्याच्यावर केस टाकली. कित्येक वर्षं चालली, त्याचा पैसा पाण्यासारखा गेला, पण नाव शेवटी त्याच्याकडेच राहिलं. एवढी मोठी कंपनी आणि तिला स्वतःच्या नावाचं डॉट कॉम त्या माणसाकडून काढून घेता आलं नाही. उलट बाजूचं पण उदाहरण आहे, 2024 ला ते जिओहॉटस्टारचं झालं ना, दिल्लीतल्या एका पोराने दोन कंपन्या एक होणार असं वाचून नाव आधीच घेऊन ठेवलं आणि मग म्हणे माझ्या केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च द्या. तिथं मात्र दुसऱ्याचं नाव बघूनच घेतलं होतं. भुसावळच्या भाऊंनी हेच बघावं, की तुमच्या दुकानाकडे बघून त्याने नाव घेतलं, की त्याला तुमचं दुकानच माहीत नव्हतं. पत्रात तुम्ही तारीख लिहिलेलीच नाही.

आता आमचा शहाणपणा ऐका. वकिलांकडे जायच्या आधीच भाच्याने त्या फॉर्ममधून एक कडक इंग्रजी मेल ठोकला होता, की आम्ही या नावाचे कायदेशीर ट्रेडमार्कधारक आहोत, आठ दिवसांत नाव आमच्याकडे द्या नाहीतर कारवाई करू. मी पण वाचून म्हटलं वा, झकास. तिसऱ्या दिवशी दोन ओळींचं उत्तर, की नाव माझ्याकडे 2006 पासून आहे, तुमचा ट्रेडमार्क 2021 चा आहे, कारवाई अवश्य करा, शुभेच्छा. खाली सही नाही, गाव नाही. झालं, दार बंद. ज्याच्याकडे मागायला गेलो त्याच्या दारात जाऊन आधी काठी आपटली, मग तो कशाला बसा म्हणेल.

त्यानंतर पंधरा दिवसांत दुसऱ्याच एकाचा मेल आला, की तुम्ही या नावात इंटरेस्टेड आहात असं कळलं, मी ब्रोकर आहे, मालक तयार आहे, फक्त नावाच्या किमतीचं सर्टिफिकेट लागेल, ते या या वेबसाइटवरून घ्या, सहा हजार. भाचा भरायलाच निघाला होता. मी म्हटलं थांब, ज्याला विकायचंय तो मूल्यांकन करेल, घेणारा कशाला करेल? शेत विकत घेणारा कधी मोजणीचे पैसे भरून वर ब्रोकरला सर्टिफिकेट दाखवतो का? आणि मालक जर तयार असेल तर त्याने आम्हालाच उत्तर का नाही दिलं. त्याला विचारलं तर तो गायब. नंतर कळलं ही जुनीच चाल आहे, सर्टिफिकेटवाला आणि ब्रोकर एकच. अशीच दुसरी एक चाल पण आहे, चीनमधून मेल येतो की तुमचं नाव इथे कोणीतरी घेतंय, लवकर तुम्ही घ्या, तसला पण आम्हाला एकदा आला, तो सरळ डिलीट केला.

मग बरेच दिवस काहीच नाही. बिबड्यांचा सीझन आला आणि गेला.

जूनमध्ये भाचा सुट्टीला आला आणि सहज त्याने ती जुनी पानं दाखवणारी साइट उघडली, वेबॅक मशीन म्हणतात, त्यात बऱ्याच नावांवर पूर्वी काय होतं ते दिसतं. आमच्या त्या डॉट कॉमवर 2007 ला फक्त एक फोटो होता आणि खाली इंग्रजीत कमिंग सून. सोळा वर्षं कमिंग सून! फोटो लहान होता, भाचा म्हणाला कसलं तरी उलटं भांडं दिसतंय. मी चष्मा लावून बघितलं आणि अंगावर काटाच आला. चुलीवर पालथं ठेवलेलं खापर, आणि त्यावर मांडा टाकणाऱ्या बाईचे दोन हात, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. खापरावरचे मांडे म्हणजे आपला खान्देशच की! अहो, हा माणूस आपल्याकडचा आहे! आणि खरं तर हे आधीच कळायला पाहिजे होतं, अहिराणी नाव दुसरं कोण घेणार, जपानी माणूस?

या वेळी मेल मी सांगितला आणि त्याने लिहिला. ट्रेडमार्कचा शब्द नाही. आधीच्या मेलबद्दल माफ करा, पोराने लिहिला होता, आम्ही अमळनेरला बिबडे करतो, हे नाव माझ्या सासूचं आहे, तुम्हाला द्यायचं असेल तर किंमत सांगा, नसेल द्यायचं तरी तो फोटो कुठल्या गावचा तेवढं सांगा. पाठवलं, आणि त्याच रात्री उत्तर, इंग्रजी अक्षरात पण अहिराणीत, "अमळनेरमा कोठे? मी शिरपूरना शे."

ते काका तीस वर्षांपासून परदेशात आहेत. हात त्यांच्या आईचे. 2006 ला त्यांना आईच्या हातचे सगळे पदार्थ आणि अहिराणी शब्द एका साइटवर टाकायचे होते, तिच्याकडून फोनवर लिहून पण घ्यायला लागले होते, मग ती गेली, मग राहूनच गेलं. पण दरवर्षी नावाचे दहा-बारा डॉलर न चुकता भरत होते. सोडवत नव्हतं म्हणाले.

आता तुम्हाला वाटेल मग त्यांनी नाव फुकट दिलं असेल. नाही दिलं. पंधराशे डॉलर सांगितले. मला तेव्हा रागच आला, गावचा माणूस आणि बहिणीला असं सांगतो. सासूबाईंना तेव्हा पहिल्यांदा सगळं सांगितलं (रमी सोडून), तर त्या म्हणाल्या, "आपलंच नाव आपलेच इकत लेनं पडी का?" आणि मग स्वतःच थोड्या वेळाने म्हणाल्या की पण त्याच्या मायचे हात होते ना त्याच्यावर.

मला तेव्हा आठवलं ते आमच्या अमळनेरचंच. 1945 ला इथं वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, त्याचीच पुढे विप्रो झाली. गावातल्या कितीतरी साध्या लोकांनी शेअर घेऊन पेटीत ठेवले आणि त्यांच्या घरांचं पुढे काय झालं हे अमळनेरात कोणालाही विचारा. त्या माणसांना आपण लुटारू म्हणतो का? म्हणतो बाबा शहाणा, वेळेवर घेतलं आणि धरून ठेवलं. मग ज्याने 2006 ला एक नाव घेतलं, जेव्हा माझ्या घरात इंटरनेट पण नव्हतं, आणि दरवर्षी पैसे भरून सांभाळलं, तो एकदम खंडणीखोर कसा काय झाला? त्याने माझं काही चोरलं नाही, त्याला मी माहीतच नव्हते. मी उशिरा आले. उशिरा आलेल्याने भाव विचारावा, परवडला तर घ्यावं, नाही परवडला तर नावाला पुढे गावाचं नाव जोडून दुसरं घ्यावं. सरकारने काढून घ्यावं म्हणजे उद्या माझ्याकडूनही कोणी मोठा काढून घेईल, माझं चालेल का मला?

तर मी दोनशे सांगितले, त्यांनी बाराशे, असं करत करत सहाशे डॉलरला ठरलं. तेव्हाच्या भावाने साधारण पन्नास हजार रुपये, म्हणजे आमच्या एका सीझनच्या नफ्यातला चांगलाच तुकडा. भाव करताना एक चूक मी केली ती सांगते, पाकिटं छापायला टाकली आहेत असं बोलता बोलता सांगून टाकलं, आणि ते त्याच्यानंतर सहाशेच्या खाली आलेच नाहीत. गरज दाखवली की भाव चढतो हे मला बाजारात बरोबर कळतं, मेलवर कळलं नाही.

पैसे आधी कोणी द्यायचे यावर भाचा म्हणाला एस्क्रो. म्हणजे तिसऱ्याकडे पैसे ठेवायचे, त्यांनी नाव आपल्या खात्यात टाकायचं, आपण मिळालं म्हटलं की तो तिसरा त्यांना पैसे सोडतो. इसार पावतीपेक्षा बरं, कारण इथं पूर्ण रक्कम दोघांच्याही हाताबाहेर असते. मला संकोच वाटत होता की गावच्या माणसाला असं कसं म्हणायचं, पण काकाच म्हणाले, ताई एस्क्रोच करू, नातं नात्याच्या जागी. फी निम्मी-निम्मी. फक्त एस्क्रोची वेबसाइट कोणती ते आपणच शोधून उघडायची, समोरच्याने पाठवलेल्या लिंकवर जायचं नाही, खोट्या एस्क्रो साइटी पण असतात. बँकेत पैसे बाहेर पाठवायचा फॉर्म भरताना साहेबांनी विचारलं कशासाठी, म्हटलं नावासाठी. कोणाच्या? म्हटलं सासूच्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. शेवटी मॅनेजरच्या केबिनमध्ये बसून समजावलं तेव्हा गेले पैसे.

नाव हलवायला एक गुप्त कोड लागतो, तो मालक त्याच्या कंपनीकडून काढून देतो, त्याआधी कंपनीने नावाला लावलेलं कुलूप उघडावं लागतं, आणि एका कंपनीतून दुसरीकडे जायला पाचेक दिवस लागू शकतात. हे सगळं व्यवस्थित झालं. पण पैसे सोडायच्या आधी नाव आपल्या खात्यात, आपल्या नावावर दिसतंय का हे मी स्वतः बघितलं, भाच्याच्या शब्दावर नाही. खातं माझ्या नावाने, फोन माझा, आणि त्या खात्याला जो ईमेल दिलाय तो मुद्दाम वेगळा, साधा जीमेल. त्याच नावावरचा ईमेल त्याच नावाच्या खात्याला दिला आणि नाव बंद पडलं तर मुदत संपल्याचं सांगणारा मेलही त्याच बंद डब्यात पडणार, हे शेंबडं पोर पण सांगेल पण आम्हाला ठेच लागल्यावर सुचलं. भाडं पाच वर्षांचं एकदम भरून टाकलं.

डॉट इनचं असं झालं की मी निक्सीकडे तक्रारीची कागदं जमवत होते तोवर रमीवाल्यानेच पुढच्या वर्षी ते भरलं नाही, त्याचा मतलब संपला असेल. भाचा रोज सकाळी बघायचा. एक दिवस मोकळं दिसलं आणि साडेसातशे रुपयांत परत आलं. देवनागरीतलं डॉट भारत पण घेऊन ठेवलंय, ते 2014 पासून मिळतं. ते घ्यायचं कारण म्हणजे इंग्रजीत आपल्या नावाचे हाल होतात, आता अमळनेरचंच बघा, त्यातल्या ळ ला इंग्रजीत जागाच नाही, आमच्या नावात एक ए लिहायचा की दोन यावर घरात दोन पक्ष आहेत. मोबाईलवर वर पट्टीत देवनागरीत नाव आलं तेव्हा सासूबाईंनी बोट ठेवून अक्षर अक्षर वाचलं, आणि मग विचारलं, हे पुसलं तर जात नाही ना?

संपादक साहेब, तुमच्या पेपराला एकच विनंती. बचत गटाच्या प्रशिक्षणात आम्हाला पॅकिंग शिकवतात, लेबल शिकवतात, वजनकाटा कसा पास करायचा ते शिकवतात, पण वेबसाइटवाल्याला पैसे देताना नाव कोणाच्या नावावर घेतोस हा एक प्रश्न विचारा असं कोणीच सांगत नाही. माझ्या ओळखीत चौघी जणी निघाल्या ज्यांची नावं अजून वेबसाइटवाल्याच्या खात्यात आहेत, त्यातल्या दोघींना वेबसाइटवाला आता कुठे आहे हे पण माहीत नाही. याच्यावर एखादा लेख द्या, खंडणीवाल्यांवर नंतर द्या.

भुसावळच्या भाऊंना माझा निरोप, तुमच्या नावाची तारीख बघा आणि मग मला कळवा, पत्ता पेपरवाल्यांकडे आहे. चाळीस हजार जास्तच आहेत, पण पहिल्याच भावाला कोणी घेतं का. फक्त पत्र छापून आल्याचं कात्रण त्याला पाठवू नका म्हणजे झालं.

काकांनी विकताना एक अट घातली होती, त्यांचा जुना ईमेल याच नावावर होता, तो वर्षभर चालू ठेवून येईल ते त्यांच्याकडे पुढे पाठवायचं. वर्ष कधीच झालं, पण आम्ही बंद केला नाही. परवा त्यावर शिरपूरहून एक लग्नपत्रिका आली, त्यांच्या चुलत भावाच्या मुलीची, हळद गुरुवारी, सर्वांनी सहकुटुंब यावे. लगेच पुढे पाठवली. रात्री उत्तर आलं, माझं काही जमत नाही ताई, तुम्ही जवळच आहात, माझ्याकडून आहेर घेऊन जाल का, आणि जाताना थोडे बिबडे पण.

आपली एक वाचक,
अमळनेर, जि. जळगाव
(नाव छापू नये ही विनंती)